उद्याबाईंची सही

“ताई, ही सही तुझी आहे का?”

भाऊने पत्र टेबलावर आपटलं आणि त्याचा हात लागून चहाचा कप कलंडला, पण चहा पुसायला कुणीच उठलं नाही. वहिनी गॅसपाशी होत्या तशाच उभ्या राहिल्या, खांद्याला बॅग लावून निघालेली भिंगरी दारातच थबकली, आणि ताई... ताईने त्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. बघायचं काय होतं त्यात! मजकूर तिनेच टाइप केला होता, घडी तिनेच घातली होती, पाकीट तिनेच चिकटवलं होतं. ‘आपल्या पाल्याची दीर्घ अनुपस्थिती लक्षात घेता प्रथम वर्षाच्या पटावरून नाव कमी का करू नये, याबाबत येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता समितीसमोर पालकांसह उपस्थित राहून खुलासा करावा.’ खाली ‘मुख्य लिपिक, प्रथम वर्ष कक्ष’, आणि त्यावर ती तिरकी, लांब शेपटीची सही, जी या घरात सगळ्यांना डोळे मिटूनही ओळखता आली असती.

“माझीच आहे,” ताई म्हणाली.

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“होतं.”

“कधीपासून?”

उत्तर दारातून आलं. घाबरलेलं पोर जवळ जो असेल त्याच्या पाठीमागे लपतं, तशी भिंगरी एका श्वासात बोलून गेली, “आत्याला तीन आठवड्यांपासून माहीत आहे, बाबा!”

बोलली, आणि जीभ चावली तिने. पण उशीर झाला होता.

भाऊ म्हणजे मुख्याध्यापक. त्याच्या शाळेत मुलं जिनासुद्धा डाव्या बाजूने चढतात, आणि खोकला आला तर आधी हात वर करतात असं गावातले लोक चेष्टेने म्हणतात. अशा माणसाची एकुलती एक मुलगी विद्यापीठात गणिताच्या पहिल्या वर्षाला जाऊन पाच आठवडे वर्गात पाऊल ठेवत नाही, आणि हे त्याला पोस्टमन येऊन सांगतो! त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, आणि शेवटी तो जे बोलला ते सगळं मुलीला न बोलता बहिणीलाच बोलला.

“एका घरात राहतो आपण! काल याच टेबलावर बसून तू मला विचारलंस, साखर पुरे का म्हणून. आणि माझ्या मुलीचं नाव कापायचं पत्र मला पोस्टाने पाठवतेस? तिकीट लावून? अगं, परक्या माणसालासुद्धा कुणी असं करत नाही!”

“अहो, आधी ऐकून तर घ्या,” वहिनी म्हणाल्या.

“काय ऐकायचंय? स्वतः पहिल्या वर्षात पळून आली ही! झेपलं नाही, नापास झाली, घरी येऊन बसली. मी कधी त्यावरून बोललो?” (बोलला होता, बरं का. हसत हसत का होईना, दर वर्षी दोनदा तरी बोलला होता. ‘आमच्या ताईला अभ्यासाचं वावडं!’) “पण माझ्या पोरीलाही पळायची वाट दाखवलीस तू, ताई! आणि आता मी त्या समितीपुढे हात बांधून खुलासा देऊ? मुळीच नाही. त्यांनी नाव कापायच्या आधी आपणच काढून घेऊ. उद्या येतो तुझ्या खिडकीवर. फॉर्म तयार ठेव.”

ओठापर्यंत शब्द आले... एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलली असती तर भाऊ तिथल्या तिथे खाली बसला असता! पण ते वाक्य चौतीस वर्षं पोटात राहून इतकं आत गेलं होतं, की आता वर येईना. तिने फडकं घेतलं, सांडलेला चहा पुसला, पर्स उचलली आणि ती कामावर निघून गेली.

आता या ताईबद्दल सांगायला हवं, कारण घरात तिला कुणी ओळखलं नसलं तरी विद्यापीठात तिला ओळखत नाही असा एक माणूस सापडणार नाही. तिथे तिचं नाव ‘उद्याबाई’.

प्रथम वर्ष कक्ष म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, दोन कपाटं, तीन टेबलं आणि कॉरिडॉरच्या बाजूला उघडणारी एक खिडकी. शिक्षण सोडायचं असेल तर नाव काढण्याचा फॉर्म या खिडकीवर मिळतो. मिळतो म्हणजे, मिळायला हवा. पोरगं येतं, मान खाली घालून म्हणतं, “मॅडम, तो... नाव काढायचा फॉर्म...” आणि आतून उत्तर येतं, “फॉर्म संपलेत. उद्या या.”

फॉर्म कधीच संपलेले नसतात. उद्याबाईंच्या डाव्या हाताच्या खणात त्याचा गठ्ठा पडलेला असतो. पण या ‘उद्या’ आणि ‘आज’च्या मध्ये जो एक दिवस मिळतो ना, त्यात ही बाई काय काय करते ते बघायला हवं! त्या पोराचं वेळापत्रक काढते. कुठल्या तासापासून गैरहजेरी सुरू झाली ते बोटाने शोधते. त्या शिक्षकांना स्टाफरूमच्या दारात गाठते. वसतिगृहाच्या रखवालदाराला फोन करते, “तो उंच, चष्मेवाला मुलगा जेवतो का हो नीट?” आणि दुसऱ्या दिवशी पोरगं खिडकीवर आलं की त्याला आत बोलावून स्टुलावर बसवते.

“कारण काय लिहिणार फॉर्मवर?”

“वैयक्तिक कारण.”

“ते कारण नाही रे राजा, ते झाकण आहे. झाकण उघड. आत काय आहे?”

आत काय काय निघायचं! एकाला तीन आठवडे प्रयोगशाळा सापडलीच नव्हती. ती दुसऱ्या इमारतीत गेली होती, आणि इतक्या दिवसांनी विचारायची लाज वाटत होती. एकीला घरची इतकी आठवण यायची की ती रोज पहिला तास संपल्यावर स्वच्छतागृहात जाऊन रडायची आणि दुसरा तास बुडवायची. बहुतेकांना मात्र एकच दुखणं असायचं... सगळ्यांना समजतंय, मला एकट्यालाच समजत नाही! अभ्यासापायी कुणी सोडत नाही हो, लाजेपायी सोडतात, असं उद्याबाई सगळ्यांना सांगायच्या, साहेबांना, प्राध्यापकांना, पाणी भरायला येणाऱ्या माणसाला. साहेब वैतागायचे. “बाई, तुमचं काम फॉर्म देणं आहे.” “देते की, साहेब. उद्या देते!” आणि त्या उद्याच्या जोरावर अठ्ठावीस वर्षांत किती पोरं तरली, याचा हिशेब तिने ठेवला नाही, पण आज त्यांतली कुणी इस्पितळात डॉक्टर आहेत, कुणी पूल बांधतायत, आणि एकजण तर त्याच विद्यापीठात शिकवतोय आणि उद्याबाई दिसल्या की भर कॉरिडॉरमध्ये वाकून नमस्कार करतो.

अशा बाईच्या हातात एका सोमवारी गैरहजर मुलांची यादी आली, आणि बोट फिरवता फिरवता तिसऱ्या ओळीवर थांबलं. क्रमांक ओळखीचा होता. भिंगरीचा...!

लहानपणी घरभर गोल गोल फिरायची म्हणून भिंगरी. आत्याच्याच कडेवर वाढलेली. रोज सकाळी नऊला बॅग घेऊन निघायची, चारला यायची, “कसं झालं?” म्हटलं की “मस्त!” म्हणायची. ताईने त्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि शोधत निघाली. पोरगी सापडली बसस्थानकाच्या प्रतीक्षालयात, शेवटच्या बाकावर, मांडीवर बॅग घेऊन, कुठल्याही बसची वाट न बघता बसलेली. आत्याला बघून ती उठलीसुद्धा नाही. नुसती रडायला लागली.

“पहिल्या चाचणीत वीसपैकी चार मिळाले, आत्या. सर फळ्यावर लिहितात, सगळे भराभरा उतरवून घेतात, आणि मला... मला पहिल्या ओळीपासून काही कळत नाही! तू मला तो फॉर्म आणून दे ना. आणि संपलेत म्हणू नकोस, मला माहितीय ते कधीच संपत नाहीत!”

हे मात्र खरं अवघड झालं. घरच्या माणसावर उद्याबाईची युक्ती चालेना! ताई तिच्या शेजारी बसली. बराच वेळ दोघींनी सुटणाऱ्या बस बघितल्या.

“बाबांना सांगू या का?”

“नको! शप्पथ घे, आत्या! बाबा दर वर्षी शाळेत सांगतात ना, लहानपणी आठ महिने अंथरुणावर पडून, एकट्याने, पुस्तकातून गणित शिकलो म्हणून. बाबांना झोपून आलं, आणि मला बसूनसुद्धा येत नाही!”

यावर हसावं की रडावं, ताईला कळेना. तिने पोरीला पोटाशी धरलं. आणि वचन देऊन बसली, की मी बाबांना सांगणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने नवीच रीत काढली. “सगळे तास नको. रोज एक तास. फक्त एक. मी दारापर्यंत येते.” खरोखरच यायची! बावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखत असताना तीन जिने चढून, भाचीला वर्गाच्या दारात सोडून घंटा होईपर्यंत बाहेर भिंतीला टेकून उभी राहायची. चौथ्या दिवशी एकाचे दोन तास झाले. मग तिने खिडकीवर येऊन गेलेली आणखी तीन पोरं गोळा केली, प्रयोगशाळा न सापडलेला तो उंच मुलगा, आणि दोन मुली, आणि जेवणाच्या सुट्टीत चौघांना जिन्याखालच्या जागेत बसवलं. “आता एकेकाने सांगायचं, मला काय समजत नाही ते. लाजायचं नाही, इथे सगळे तसलेच आहेत.” पोरं आधी हसली, मग बोलायला लागली, आणि भिंगरीला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की भराभरा उतरवून घेणाऱ्या त्या वर्गात निम्म्यांना तिच्याइतकंच समजत होतं!

आणि एक दिवस एक उदाहरण चौघांनाही सुटेना, तेव्हा बोलता बोलता ताईने पेन्सिल हातात घेतली. वहीच्या समासात आधी लिहिलं, ‘काय माहीत नाही?’ मग त्याखाली एक चौकट काढली, चौकटीचे तुकडे केले, आणि बघता बघता गुंता सुटत गेला. तिघं पोरं टाळ्या वाजवून तासाला पळाली. भिंगरी मात्र तिथेच बसून राहिली.

“आत्या... तू गणितात नापास झाली होतीस ना?”

ताई वही मिटायला लागली. भिंगरीने ती धरून ठेवली.

“अगं, तू नापास झालीच नाहीस! मग सोडलंस का?”

आजवर हा प्रश्न ताईला कुणी विचारला नव्हता. ज्या दिवशी ती अठरा वर्षांची पोर याच खिडकीवर आली होती, त्या दिवशी आतल्या लिपिकाने मान वर न करता फॉर्म सरकवला होता. एक मिनिट लागलं, एक! तिच्या वर्गातले सात आठवडे, तिचं ते वेडं गणित, पहिल्या चाचणीतले वीसपैकी वीस, सगळं एका मिनिटात संपलं. त्याने नुसतं ‘का गं?’ म्हटलं असतं तर ती सांगणार होती... आई जाऊन दोन वर्षं झालीत, वडील मालगाड्या चालवतात, आठवड्यात चार दिवस घरी नसतात, आणि दहा वर्षांच्या भावाला सांध्यांचा ताप आलाय, हृदयावर जाईल म्हणून डॉक्टरांनी आठ महिने अंथरुणातून उठू द्यायचं नाही सांगितलंय. पण विचारलं कुणी? वर्षभर नाव राखून ठेवायची सोय नियमातच होती, हे तिला कळलं सहा वर्षांनी, त्याच कचेरीत नोकरीला लागल्यावर, नियमांचं पुस्तक वाचताना. त्या दिवशी ती कपाटामागे उभी राहून रडली होती. दुसऱ्या दिवशी फॉर्मांचा गठ्ठा तिने खणात टाकला, आणि खिडकीवर आलेल्या पहिल्या पोराला म्हणाली, फॉर्म संपलेत.

हे सगळं भिंगरीला सांगताना ताईचा आवाज अजिबात हलला नाही. हलला तो शेवटी.

“पण बाबांना का नाही सांगितलंस?”

“अगं, दहा वर्षांचा होता तो! माझ्यामुळे ताईचं शिक्षण गेलं, हे ओझं उरावर घेऊन त्या पोराने आठ महिने झोपायचं का? म्हणून सांगितलं, मला झेपलं नाही, बरं झालं घरी बसायला मिळालं. तो काय हसला होता तेव्हा! तेवढंच हवं होतं मला. मग... मग ते खोटं घरातल्या जड कपाटासारखं झालं बघ. कुणी हलवायलाच जाईना.”

राहिला प्रश्न पत्राचा. पत्र पाठवणं भाग होतं. पत्र गेल्याशिवाय समितीपुढे सुनावणी नाही, आणि सुनावणी झाली नाही तर सत्र संपताना यादीतलं नाव आपोआप गळतं. ताईने भिंगरीला हे समजावलं. “पत्र गेलं की बाबांना कळणार. पण तोवर तू वर्गात असशील. त्यांच्यासमोर ताठ मानेने उभी राहशील.” भिंगरीने मान डोलावली होती. सहीसाठी कागद समोर आला. दुसऱ्यांच्या पोरांना एक न्याय आणि घरच्या पोरीला दुसरा, हे तिला कसं जमावं! तिने सही केली.

चूक झाली ती पुढे. इतर कुठलंही पत्र पाठवायच्या आधी उद्याबाई त्या घरी फोन करतात, हा तिचा नेम होता. “घाबरू नका, पत्र येईल, ओरडू नका पोरावर, आधी विचारा त्याला.” शेकडो अनोळखी घरांत हे सांगितलेली बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या भावासमोर बसून, तोंड उघडू शकली नाही. भिंगरीला म्हणाली, “मी बोलू का?” भिंगरी म्हणाली, “आज नको.” आणि आत्यालाही तेच हवं होतं की काय कोण जाणे, तीसुद्धा रोज सकाळी स्वतःला सांगत राहिली, आज नको... उद्या सांगेन!

त्या ‘उद्या’आधी पोस्टमन पोहोचला.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला भाऊ खिडकीवर आला. रांग होती. मुख्याध्यापक असल्यामुळे तो रांगेत उभा राहिला, अठरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या मागे, ताठ. त्याची पाळी आली. बहीण-भावाची नजर खिडकीच्या गजांमधून एक झाली.

“नाव काढण्याचा फॉर्म,” भाऊ म्हणाला.

द्यायचा की नाही? नियमाप्रमाणे पालकाला नाही म्हणता येत नव्हतं. तिचा डावा हात खणाच्या कडीवर गेला... आणि तिथेच राहिला.

“फॉर्म संपलेत. उद्या या.”

मागची सगळी रांग फिस्सकन हसली. कुणीतरी म्हणालं, “काका, तुमचंही?”

“ताई, थट्टा सुचतेय तुला?” भाऊ दातांतल्या दातांत म्हणाला. “खण उघड!”

“मागे मुलं खोळंबलीत, साहेब. बाकावर बसा. फॉर्म आले की हाक मारते.”

साहेब! भाऊ फणफणत बाकावर जाऊन बसला. फॉर्म घेतल्याशिवाय उठायचं नाही, असा त्याचा बेत होता. बसला, आणि बसल्या बसल्या त्याला दिसायला लागलं. एक मुलगा खिडकीवर हुंदके देत आला आणि स्टुलावर बसून, नाक पुसून, वेळापत्रकावर तीन तासांना लाल खूण करून घेऊन गेला. एक मुलगी फक्त सांगायला आली, “बाई, आज दुसरा तास बसले!” उद्याबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या गालाला लावला. एका बापाचा फोन आला. “अहो, ओरडू नका त्याला. आधी विचारा,” ताई सांगत होती, आणि ते सांगताना तिचा आवाज मध्येच तुटला, हे बाकावरच्या माणसाने ऐकलं. वीस वर्षं मुलांमध्ये काढलेला माणूस होता तो. चांगलं काम समोर घडताना त्याला ओळखता येणार नाही, असं कसं होईल?

एकची घंटा झाली. जिन्यावरून पोरांचा लोंढा उतरला आणि त्यात भिंगरी होती, तिघांबरोबर, कशावरून तरी मोठमोठ्याने वाद घालत. बाबांना बघून ती जागच्या जागी थिजली. पण या वेळी ती कुणाच्या पाठीमागे लपली नाही.

“मी तीन आठवडे रोज जातेय, बाबा. आत्या दारापर्यंत सोडायची. ही वही बघा.”

भाऊने वही हातात घेतली, गणिताच्या शिक्षकाने घ्यावी तशी, चुका शोधायला. पान उलटलं. दुसरं उलटलं. आणि समासातल्या तिरक्या अक्षरांवर त्याची नजर खिळली. ‘काय माहीत नाही?’ खाली चौकट. चौकटीचे तुकडे.

ही तर त्याची पद्धत! ‘मुख्याध्यापकांची पद्धत’ म्हणून त्याच्या शाळेत प्रत्येक वर्गात शिकवली जाणारी, अंथरुणावर पडून त्याने पुस्तकातून शिकलेली...

“हे आत्याच्या अक्षरात कसं? तिला कुठून माहीत?”

“बाबा,” भिंगरीचे डोळे भरून आले, “ते कुठल्याच पुस्तकात नाहीये. तुम्ही मोठे झाल्यावर ते पुस्तक पुन्हा उघडून बघितलंत का हो कधी? आत्या नापास नव्हती झाली! तिला वीसपैकी वीस होते. तिने तुमच्या तापासाठी सोडलं. मी तिला शब्द दिला होता की सांगणार नाही. मोडला मी. ओरडा मला!”

भाऊ ओरडला नाही. कॉरिडॉर, पोरं, घंटा, सगळं मागे सरलं, आणि डोळ्यांपुढे आली एक खाट, उशाशी बसलेली दोन वेण्यांची ताई, मांडीवर उघडलेलं पुस्तक... आणि तिची नजर कधीच पुस्तकात नसायची, हे त्याला आत्ता, या क्षणी आठवत होतं! तो उठून खिडकीपाशी गेला. रांग आपोआप बाजूला झाली.

“ताई... ते पुस्तकात नव्हतं ना?”

“नव्हतं.”

“मला वाटायचं तू वाचून दाखवतेस.”

“वाचूनच दाखवत होते रे. मध्ये मध्ये थोडं माझं घालत होते.”

“आणि मी जन्मभर लोकांना सांगत सुटलो, एकट्याने शिकलो म्हणून! तुझी चेष्टा केली... काल... काल काय नाही बोललो मी तुला! का नाही सांगितलंस गं? कधीतरी सांगायचंस ना!”

“उद्या सांगेन म्हणत राहिले,” ताई म्हणाली आणि इतका वेळ आवरलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं. “पत्राचंही तसंच झालं बघ. ते मात्र माझं चुकलं. तुला तोंडाने सांगायला हवं होतं.”

भाऊने गजांमधून हात आत घातला आणि तिचा हात घट्ट धरला. रांगेतली पोरं उगाचच आपापल्या फोनमध्ये बघायला लागली.

गुरुवारी समिती बसली. लांब टेबल, पाच प्राध्यापक, मध्ये अध्यक्षबाई, आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला उद्याबाई. मुलगी आपली भाची आहे, हे काम दुसऱ्याला द्या, असं तिने आदल्या दिवशीच लेखी कळवलं होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, “लिहायला दुसरं आहे कोण? बोलू नका, फक्त लिहा.” म्हणून ती मान खाली घालून लिहीत होती. तीन आठवड्यांची हजेरी पाच आठवड्यांच्या गैरहजेरीला पुरे पडते की नाही, हे तिच्या हातात नव्हतं.

भिंगरी उभी राहून बोलली. “मला वाटलं, सगळ्यांना येतं आणि मलाच येत नाही. म्हणून मी यायचं बंद केलं.”

“आणि पुन्हा असं वाटलं तर?”

“वाटणारच, बाई. गेल्या मंगळवारीच वाटलं. मी हात वर करून विचारलं. मग मागच्या बाकावरच्या चौघांनी विचारलं.”

एक प्राध्यापक टेबलाखाली बघत हसले. तो तास त्यांचाच होता.

“पालक कोण आलंय?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

भाऊ उठला. खुलाशाचा कागद त्याने खिशातून काढला, उघडला, आणि न वाचताच पुन्हा घडी घातला.

“मी बाप आहे हिचा. पण या सगळ्या दिवसांत मला काही माहीत नव्हतं, आणि कळलं तेव्हा मी नाव काढायला धावलो. हिला वर्गात परत आणलं ते हिच्या आत्याने, ती तिथे बसून लिहितेय. पालक म्हणून तिचं नाव लिहा. आणि बाई, माझाही खुलासा आहे. तोही लिहून घ्या. मी दहा वर्षांचा असताना आजारी पडलो. माझ्या या बहिणीचं या विद्यापीठातलं शिक्षण पहिल्या वर्षात, सातव्या आठवड्यात, माझ्यापायी सुटलं. ते मला परवा कळलं.”

ताईचं पेन थांबलं होतं.

“हे विषयाला धरून नाही, बाई,” ती मान वर न करता म्हणाली.

“समितीपुढे जे बोललं जातं ते लिहायचं असतं,” अध्यक्षबाई मृदू आवाजात म्हणाल्या. “लिहा तुम्ही.”

हजारो पोरांची कारणं ज्या हाताने लिहून घेतली, त्या हाताने तिने स्वतःचं कारण लिहायला घेतलं. एकेक शब्द लिहीत ती शेवटापर्यंत आली, आणि तिथे पुन्हा थांबली.

“एक शब्द बदलते,” ती म्हणाली. “‘सुटलं’ नाही. ‘सोडलं’ लिहिते. माझ्या हातून सुटलं नव्हतं ते. मी सोडलं होतं... माझ्या मनाने. माझा भाऊ होता तो.”

मुख्याध्यापक मटकन खुर्चीत बसला आणि पाच प्राध्यापकांच्या देखत, ओंजळीत तोंड लपवून लहान मुलासारखा रडला. भिंगरी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“विद्यार्थिनीचं नाव पटावर कायम,” अध्यक्षबाईंनी सांगितलं. “लिहून घेतलंत?”

“घेतलं,” उद्याबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, कागद बाजूला ठेवला आणि दाराकडे बघून आवाज दिला, “पुढच्या मुलाला आत पाठवा रे. आणि त्याला म्हणावं, घाबरू नकोस.”